खुर्चीताईची खालची खोली

तिला सगळे खुर्चीताई म्हणत. जुन्या खुर्च्या आणि सोफे उघडायचे, आतल्या लोंबलेल्या पट्ट्या बदलायच्या, नवा फोम भरायचा आणि वरून कापड ताणून ठोकायचं, हा तिचा धंदा. दुकान इमारतीच्या तळमजल्यावर, घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या नावानं शंख. कापड ठोकायच्या बारीक चुका ती ओठांत धरून ठेवी. गिऱ्हाईक फार बोलायला लागलं की तोंडाकडे बोट दाखवी. नंतर म्हणे, "तोंडात चुका असतात तोवर मी गप्प. तोंड रिकामं झालं की मग दुसऱ्यांच्या काढते."

लहानपणीच्या दुखण्यात तिचा कणा वाकला होता. एक खांदा वर, एक खाली, आणि बरगड्या एका बाजूला पिळवटलेल्या. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तिची शाळा नुकतीच संपत होती आणि धाकट्या भावाला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. तिनं त्याला वाढवलं, बस चालवायच्या नोकरीला चिकटवलं, लग्नही लावून दिलं. ते टिकलं नाही. एका संध्याकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. तिनं पातेल्यात आणखी थोडं पाणी वाढवलं. चार दिवस राहायला आलेला धाकटा केस पांढरे झाले तरी तिथंच होता.

तिला धाप लागायची, पण ती जन्माचीच सोबतीण, म्हणून वाढली कधी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आधी ती दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली, मग पहिल्यावरच. वरून कुणी येताना दिसलं की खिडकीतून बाहेर काहीतरी बघत असल्याचं सोंग करी. पाय सुजले, चपला मोठ्या घ्याव्या लागल्या. झोपताना दोन उशा लागत, त्यांच्या तीन झाल्या.

डॉक्टर म्हणत, पाठ अशी आहे, फुप्फुसांना जागा कुठाय? इको दोनदा झाला. पण छातीवर यंत्र कुठूनही टेकवलं तरी वाकड्या बरगड्या आडव्या यायच्या आणि पडद्यावर नुसता धूर दिसायचा. शेवटी हृदयाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन करायचं ठरवलं. "बरगड्या आड येणार नाहीत. रक्ताच्या नळ्याही दिसतील आणि हृदय हलतं कसं तेही दिसेल. फक्त यंत्र सांगेल तेव्हा श्वास धरता आला पाहिजे."

मग स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. ती टेबलावर आडवी, धाकटा डोक्याशी उभा.

"श्वास घ्या. धरा," तो बसमधल्यासारख्या मोठ्या आवाजात म्हणाला.

तिनं धरला आणि लगेच फसकन सोडला.

"काय झालं?"

"तुझं तोंड उलटं दिसतंय खालून. मिशी कपाळावर आल्यासारखी."

दोघं इतके हसले की तिला उठून बसावं लागलं आणि दम परत यायला बराच वेळ गेला. तो पाठीवरून हात फिरवत राहिला. एवढ्या हसण्यानं माणूस असं निळं पडतं, हे त्यानं पहिल्यांदाच जवळून पाहिलं. त्यानंतर सराव करताना तो मिशीवर रुमाल धरायचा.

स्कॅनच्या दिवशी तिला नाडी मंदावायची गोळी दिली, छातीवर तारा चिकटवल्या, दंडात सुई घातली. तंत्रज्ञ म्हणाला, "औषध आत गेलं की अंगभर गरम वाटेल. घाबरू नका, आजी."

"आजी कुणाची? माझं लग्नसुद्धा झालेलं नाही," ती म्हणाली. तो ओशाळला आणि नंतर तिला ताई म्हणायला लागला.

जाड दाराबाहेर बसून धाकटा आतून ऐकू येणाऱ्या सूचनांच्या तालावर स्वतःचा श्वास धरत होता. ती बाहेर आली तेव्हा तिच्यापेक्षा त्यालाच जास्त धाप लागलेली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. हृदयाच्या नळ्या स्वच्छ होत्या. रक्त बाहेर ढकलायची ताकदही चांगली होती. धाकट्यानं तेवढंच ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हणत होतोच! ताई, ठणठणीत आहेस तू."

"थांबा दादा, अजून संपलं नाही," त्या म्हणाल्या. एका ठोक्याची सगळी चित्रं त्यांनी एकामागून एक चालवली. राखाडी कप्पा आवळत होता, उघडत होता, पुन्हा आवळत होता. "आवळणं बघा, किती छान आहे. पण आवळून झाल्यावर हृदयानं पटकन सैल पडायला हवं, म्हणजे पुढचं रक्त आपोआप आत येतं. ताईंचं सैल पडतच नाही नीट. बघा, भरतंय किती सावकाश. म्हणून मागचा कप्पा एवढा फुगलाय, आणि पाणी फुप्फुसांत नि पायांत तुंबतंय. एकट्या स्कॅनवरून मी हे म्हणत नाहीये. रक्ततपासणी, सूज, धाप, सगळं त्याच दिशेला बोट दाखवतंय."

धाकटा चित्राकडे बघत राहिला.

"म्हणजे हे पाठीमुळे नव्हतं," ताई म्हणाली.

"सगळं पाठीमुळे नव्हतं."

"आणि मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्या पाठीलाच शिव्या घालतेय."

पाणी कमी करायच्या गोळ्या मिळाल्या, मीठ तुटलं, आणि जिने बंद झाले. जिने बंद म्हणजे घर बंद. धाकट्यानं तळमजल्यावरची दोघांपुरती जागा शोधायला सुरुवात केली. इतक्यात ताई म्हणाली, "कशाला? दुकानाच्या मागची खोली आहे ना. तिथं राहीन मी."

"आणि मी?"

"तू वर. घर आहे की तुझं."

"ताई, तुला बरं नाही. मी तुझ्याजवळ नको?"

तिनं हातातली कात्री खाली ठेवली. "राग मानू नकोस बाळ. शाळा सुटल्यापासून मी कुणासाठी तरी उठतेय. एकदा नुसती माझी मी उठून बघते."

तिच्या आवाजात कडूपणा नव्हता, म्हणूनच त्याला जास्त लागलं. त्यानं गुमान खोलीला पांढरा रंग दिला, तिच्या हाताला येईल अशी फळी ठोकली. आपण तिला सांभाळतो असं तो चारचौघांत सांगत आला होता. आता रंगाचा ब्रश धुताना त्याला एक एक आठवायला लागलं: थाळीतली शेवटची भाकर, सहलीचे रद्द झालेले बेत, मैत्रिणी आल्या की त्याचं बाहेरच्या खोलीतलं ठाण मांडून बसणं. तिनं कधी उच्चार केला नव्हता. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

खालच्या खोलीत ती फुलली, दुसरा शब्द नाही. पायांची सूज उतरली. उशिरा उठायची, वाटलं तर जेवायची, रेडिओ मोठ्यानं लावायची. खिडकीशी तिनं स्वतःसाठी एक खुर्ची केली, पिवळ्या मखमलीची, तिच्या वाकड्या पाठीच्या मापाची. जन्मात पहिल्यांदा तिची पाठ कुठंतरी पूर्ण टेकली. धाकटा ड्यूटीवरून येताना डोकावायचा. "बरी आहेस?" "मजेत." तो दारात घुटमळायचा आणि ती कधी बस म्हणायची, कधी म्हणायची नाही. न म्हटलं की तो चार मजले चढून जायचा आणि अंधारात बूट न काढता बसायचा.

एका दुपारी दुकानाचं दार उघडं होतं आणि हाका मारून ओ येत नव्हती, म्हणून समोरच्या न्हाव्यानं धाकट्याच्या बस डेपोत फोन केला. धाकटा पोचला तेव्हा ती पिवळ्या खुर्चीतच होती, मान एका बाजूला, हात मांडीवर. रेडिओ चालू होता. डुलकी लागलेल्या माणसासारखा चेहरा. त्यानं तिच्या पावलांना हात लावला आणि तिथंच फरशीवर बसला. न्हावी म्हणाला, "दादा, उठा."

पुढं बऱ्याच दिवसांनी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. नंबर लावून, पेशंटांमध्ये बसून. आत गेल्यावर टोपी हातात फिरवत राहिला.

"तिला त्रास झाला असेल का?"

"ठोका एकदम चुकला असावा. कळलंही नसेल."

"एक विचारू? तिचं ते सैल न पडणं... माझ्यामुळे झालं का? मी तिच्या गळ्यात पडून होतो सगळा जन्म."

डॉक्टरीणबाईंनी पेन बाजूला ठेवलं. "दादा, कुणाच्या गळ्यात पडण्यानं हृदय ताठ होत नाही. वय, रक्तदाब, शरीराची ठेवण. तुमचा काही दोष नाही."

त्यानं मान हलवली, आभार मानले. त्या खरं बोलतायत हे त्याला समजत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

"ती खाली राहायला गेली ना, तेव्हा खूश होती," दाराशी पोचल्यावर तो म्हणाला. "मी रोज बघायचो. माझ्याशिवाय खूश होती."

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं तसा तो बाजूला झाला, आणि लिफ्ट सोडून जिन्यानं सावकाश उतरायला लागला.