मॅडमनी उलट्या टोकाकडून सुरुवात केली

अंबाजोगाईच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मॅडमचा दिवस पंपावर तळहात ठेवून सुरू व्हायचा. पंप एचपीएलसीचा, औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा. त्याची धडधड जरा चुकली की म्हणायच्या, "आज याला धाप लागलीय," आणि पंपात अडकलेली हवा काढायला बसायच्या.

बिघाड शोधायचा त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी यंत्रात जाणाऱ्या द्रावणाची बाटली, मग पंप, मग घटक वेगळे करणारी नळी, म्हणजे कॉलम, आणि अगदी शेवटी विद्यार्थ्याचा नमुना. "गरिबावर आळ शेवटी घ्यायचा," असं हसत सांगायच्या. द्रावण मात्र स्वतःच बनवायच्या. बाटल्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

एम.फार्मच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गातल्या वैशालीचे आकडे जुळेनात. गोळी एकच, उत्तर दर वेळी वेगळं. प्रबंध तर तोंडावर आलेला. त्या दिवशी मॅडम आधीच कशानं तरी वैतागल्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साधं वजन करता येत नाही तुला. शेतात तरी धड काम करतेस का?" वैशालीचे आईवडील शेतकरी.  ती जीपनं केजला घरी निघून गेली आणि बरेच दिवस फिरकली नाही.

पुढं माझ्या नमुन्याचंही तसंच व्हायला लागलं. तेव्हा मॅडमनी बाटली उघडली. द्रावण ओढणाऱ्या नळीच्या टोकाची गाळणी बाहेर काढली, तर तिच्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर; द्रावण अडून अडून जात होतं, म्हणून आकडे हलत होते. जुनं द्रावण न फेकता त्या त्यातच नवं ओतत गेल्या होत्या. 

"मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली," एवढंच म्हणाल्या.

मला सोबत घेऊन त्या केजला गेल्या. वैशालीच्या वडिलांनी चहा दिला, पण नजर वर केली नाही. "पोरगी लई रडली, मॅडम," ते म्हणाले. "शेताचं कामून काढलं तुमी?"  चूक आपली होती, असं मॅडमनी वैशालीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पण तुम्ही बोललात ते सगळ्यांसमोर, मॅडम."

सोमवारी मॅडमनी वर्ग बोलावला, गाळणी टेबलावर ठेवली आणि घडलं ते सांगितलं. शेताचं ते वाक्यसुद्धा पुन्हा स्वतःच्या तोंडानं उच्चारलं. आम्ही खाली मान घालून ऐकत होतो. त्या दिवशी वैशालीच्या बाजूनं आमच्यातलंही कुणी बोललं नव्हतं.

वैशाली परत आली, प्रबंध पुरा झाला. मॅडम तिला सगळं मनापासून शिकवायच्या, पण तिच्या नजरेला नजर द्यायच्या नाहीत. निरोपाच्या दिवशी आम्ही एकेक करून पाया पडलो. वैशाली वाकली, तसे मॅडमनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"तू नको, बाळा."

वैशाली क्षणभर तशीच वाकून राहिली. मग तिनं खुर्चीपुढच्या फरशीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.