पाठीचा बाक आणि पारा

पाणीपुरवठ्याच्या आवारात एका कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली, हवा खेळावी म्हणून लाकडी झडपा लावलेली पांढरी पेटी होती. आत दोन तापमापक, एक उभा, एक आडवा. ती रोज सकाळी उघडून हवेचं तापमान टिपणाऱ्या माणसाला सगळी वस्ती पारेकाका म्हणे. दार उघडण्याआधी हात कोरडे करायचे, श्वास रोखायचा, आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्ण अंक. कारण माणसाच्या अंगाची ऊब पाऱ्याला लगेच लागते. नोकरी लागल्यापासून काकांनी यात कधी हयगय केली नव्हती.

अशा माणसाची पाचावर धारण बसली ती एका विजारीवरून.

“अहो, ही तिसरी विजार खालून दुमडतेय मी,” सुईत दोरा ओवता ओवता बायको म्हणाली. “कापड काही वाढत नाही, तुम्हीच आटताय. केवढं पोक आलंय!”

“वय झालं, दुसरं काय.”

“वय माझंही झालंय. मी नाही धनुष्य झाले.”

काका हसले आणि हसता हसताच थांबले. उभ्या नळीतला पारा डोळ्याच्या अगदी समोर धरून वाचायचा असतो. डोळा खाली गेला, की मागच्या पट्टीवर पारा असतो त्याहून वर दिसतो. त्यांची पाठ वाकली होती, म्हणजे डोळा खाली आला होता. आणि इथले आकडे तर वर्षानुवर्षं हळूहळू चढत होते! हवामान खात्याच्या मुख्य कचेरीतली मंडळी त्यावरूनच हवा किती तापत चालली ते ठरवत. मग हवा तापत होती, की काका वाकत होते?

पुढच्याच आठवड्यात तिथून तपासनीस बाई येणार होत्या. चूक सापडली तर इथल्या सगळ्या नोंदी बाद, जन्मभराच्या कामावर बोळा. येता जाता भिंतीला पाठ लावून काका ताठ व्हायला बघत.

“भिंत पडेल हो,” बायको म्हणे. पण तिचाही आवाज आता हळू झाला होता.

बाई आल्या. पेटीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, “काका, रोज वाचता तसं वाचा बघू.”

टाचा उंचावाव्यात, असं मनात येऊन गेलं. पण त्या पेटीसमोर लबाडी करायला काकांचे पाय धजावले नाहीत. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “बाई, माझी पाठ वाकलीय. मी खालून बघतोय.”

बाईंनी दोन विटा आणून ठेवल्या. “आता यावर चढून वाचा.”

दोन दशांशांचा फरक पडला.

“पोक कधीपासून आहे?”

“बायकोला विचारा. तिच्याकडे विजारींचा हिशोब आहे.” बोलता बोलता काकांना एकदम हलकं वाटलं. “म्हणजे घोटाळा माझाच. हवा बरी आहे. बाद करा सगळं बाई, माझं काही म्हणणं नाही.”

बाईंनी पेटीतल्या दुसऱ्या, आडव्या ठेवलेल्या तापमापकाकडे बोट केलं. “रात्री हवा जास्तीत जास्त किती थंड झाली, ते हा धरून ठेवतो ना? आडवा आहे, याला तुमच्या उंचीशी काही देणंघेणं नाही. पण याचे आकडे उभ्यापेक्षाही जास्त चढलेत.”

काका विटांवरून उतरून आडव्या नळीवर वाकले.

“पाठ वाकत गेली तसतसं थोडं थोडं वजा करू, फार तर दोन दशांश. त्याच्या कितीतरी पट चढण उरते काका, आणि ती हवेची आहे. नोंदी काही बाद होत नाहीत.”

नोंदी वाचल्या. घरी बायकोने विचारलं, “मग तोंड का असं पांढरंफटक?”

“मी चुकलो असतो तर बरं झालं असतं गं,” काका म्हणाले. बायकोच्या हातातली सुई थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका विटांवर चढले. हात पुसले, श्वास रोखला. डोळा आता बरोबर पाऱ्यासमोर येणार होता. दाराच्या कडीवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले, शेवटी श्वास सोडावाच लागला. आणि दार अजून उघडलेलं नव्हतं.