पलीकडे पहिली पोचलेली

“समदे आले का?” हे तिचं ठरलेलं वाक्य. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर सगळ्या मैत्रिणी चढल्या की मगच ती एसटीत पाय ठेवायची.

कंडक्टर वैतागायचा, “गाडी तुझ्या बापाची हाय का?”

“बापाची मेंढरं हायत, भाऊ. गाडी तुमचीच.”

आमच्या शेजारचीच पोर. कळपाच्या मागून चालायचं, दमलेलं कोकरू उचलून घ्यायचं, यातच वाढलेली. तिला लष्करात अधिकारी व्हायचं होतं. लेखी परीक्षा पास झाली, निवडीच्या चाचण्यांचं बोलावणं आलं. वयात बसणारी ही शेवटचीच संधी होती. तिथं धूसर चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, दोर नि फळी देऊन सगळ्या गटाला अडथळ्यापलीकडे न्यायला सांगतात आणि कोण कसं वागतं ते बघतात. म्हणून बापानं तिला शहरातल्या एका क्लासला घातलं. तिथंच घोळ झाला.

तिथल्या सरांनी चित्रावरची तिची गोष्ट खोडली. हरवलेली शेळी शोधणारं गाव त्यांना नको होतं. त्याऐवजी एकट्यानं पूर अडवणारा शूरवीर पाठ करायला दिला.

एकदा मी सराव बघायला गेलो. एक पोरगं फळीवर अडखळलं, ही हात द्यायला वळली, तर सरांची शिट्टी! “मागे बघायचं नाही! लीडर पुढे असतो!”

“अहो, तिथं हेच तर बघत असतील,” मी म्हणालो.

“काका, तुम्ही फौजेत होतात का?”

नव्हतो. तोही नव्हता, हे मला नंतर कळलं.

तिची निवड झाली नाही. आणि हा माणूस तिच्या बापाला तोंड वर करून सांगतो, “पोरीत नेतृत्वगुणच नाहीत.” तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता ती इथं नाही. कळप घेऊन बापासोबत पुसदकडे गेली आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलंच, “काहून झालं गं असं?”

ती कोकराच्या अंगातले गोखरू काढत होती.

“सरानं शिकवलं तसंच केलं, काका. वरडत पुढं पळाले. पलीकडं पहिली पोचले.”

“मग?”

“मागं पाह्यलं तर समदे अलीकडंच उभे. फळी म्याच वढून संगं आणली व्हती.”