चालवून घेतलेला फोन

सणसरला आमच्या शेजारी राहणारे आबा काहीही घ्यायचं तर बैल घेतल्यासारखं घ्यायचे. मागून-पुढून बघायचे, वर थाप मारायचे आणि म्हणायचे, "चालवून दावा."

घरात वायरचा फोन आला तसा त्यांना हातात घेऊन फिरता येणारा बिनवायरचा फोन हवासा वाटू लागला. मला घेऊन बारामतीला गेले. दुकानदार रंग दाखवत होता, बटणं दाखवत होता. आबांनी फोनवर थाप मारली. "ह्यो कुठवर चालतुया?"

"अख्ख्या घरात, आबा."

"घरात मी बी चालतुय की!"

फोन कानाला लावून, टोन ऐकत ते दुकानाबाहेर पडले. समोरच्या रसवंतीपाशी खरखर आली, तसे परतले. "दुसरा दावा." प्रत्येक फोनामागं आमची वरात निघे. पुढं आबा, मागं घाबरलेला दुकानदार, शेवटी मान खाली घातलेला मी. अखेर एक फोन रसवंती ओलांडून स्टँडच्या भिंतीपर्यंत बिनखरखरीचा चालला. तोच घेतला.

आबा आता उसात बसून कारभार बघणार, अशी मी गावभर चेष्टा केली.

रविवारी आबांच्या लेकीचा सासरहून फोन आला. आबा फोन घेऊन तसेच ओढ्याकडच्या गोठ्यात धावले. मीही मागोमाग गेलो. लेकीनं वाढवलेल्या गाईच्या तोंडाशी त्यांनी फोन धरला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. गाय हंबरली. मग आबांनी फोन कानाला लावला. दुसऱ्या कानावर तळहात दाबला.

"खरखर हाय का, आबा?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "रडतीया. एकदम साफ ऐकू येतंय."