हिरव्या ठिपक्याची डबी

‘त्या बाईनं आपलं मेलेलं पोर प्रयोगशाळेत डबीत घालून जिवंत ठेवलंय, रोज त्याला पाजते म्हणे.’ ही बातमी मी न्हाव्याच्या खुर्चीत ऐकली. तोंडाला फेस फासलेला होता, त्यामुळे पदरची भर घालता आली नाही, याची रुखरुख अजून आहे.

बाईला तिथे सगळे ‘दाई’ म्हणत. काम मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते त्या, सांभाळायचं. उबदार कपाटातून डब्या काढायच्या, शिळं पाणी ओढून घ्यायचं, ताजं गुलाबी खाद्य घालायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पेशींना कुठला आलाय रविवार?

तिचं पहिलं बाळ डोकं न मिटताच जन्मलं आणि तासाभरात गेलं. तेव्हापासून नणंद येताजाता ऐकवायची, “आमच्याकडे असलं कधी झालं नाही हो, वहिनी.” नवऱ्याला दुसरं मूल हवं होतं. दाई टाळत होती. खोट आपल्यातच असली तर?

नेमका त्याच विषयाचा प्रयोग निघाला. तिथल्या मॅडमनी मला चहा पिता पिता समजावलं होतं, “मूलपेशींचा ओढा मेंदूकडेच असतो. आजूबाजूच्या पेशी त्यांना ‘कातडी व्हा’ म्हणून दटावत असतात. ते दटावणं अडवलं की आतली जनुकं एकेक करून जागी होतात आणि पेशी फुलासारखं कडं धरतात, तीच मेंदूची सुरुवात. जनुक बिघडलेलं असेल तर कडं धरत नाहीत.”

“म्हणजे नातेवाइकांचं तोंड बंद केलं की पोरीला डोकं फुटतं,” मी म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं.

काही बायकांच्या दंडाची कातडी घेऊन तिच्यापासून मूलपेशी तयार केल्या. दाईनंही दंड पुढे केला. डब्यांवर नाव नाही, नुसता रंगीत ठिपका. कुठला रंग कुणाचा हे फक्त मॅडमना ठाऊक. सांभाळणारीचा हात कुणाकडे झुकू नये म्हणून ही रीत.

दाईचा झुकला. हिरव्या ठिपक्याच्या पेशी वाढायला हळू होत्या, आणि ती स्वतःही लहानपणी उशिरा चालायला लागलेली. झालं, हिरवी आपली. कपाटातली चांगली जागा हिरवीला, पहिलं खाद्य हिरवीला. कपाटाचा पंखा घुमायचा, त्यात तिला बाळाचा श्वास ऐकू यायचा. दाराला गाल लावून म्हणायची, “मीट रे राजा. एकदा मीट.” हे तिथल्या भांडी धुणारीनं ऐकलं, आणि पुढचं न्हाव्यापर्यंत आलं.

एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या डबीत फुलासारखी कडीच कडी दिसली, सगळी नीट मिटलेली. दाईनं डबी कपाटात परत ठेवली. घरी जाऊन नणंदेला म्हणाली, “वन्सं, खोट माझ्यात नव्हती.”

“बरं बाई,” नणंद म्हणाली, “मग आता उशीर कशाला?”

तिला मुलगी झाली. धडधाकट, नाक थेट नणंदेचं. तरी दाई अजून कपाटाशी थांबते. म्हणते, पंख्यात तो आवाज आहेच.

हिरव्या ठिपक्याच्या पेशी खुद्द मॅडमच्या होत्या; तुलनेसाठी त्यांनीही कातडी दिली होती. दाईच्या डबीला सुरुवातीलाच बुरशी लागली होती, आणि नियमाप्रमाणे तिच्यात ब्लीच ओतून ती दाईनंच फेकली होती. मॅडम पुन्हा कातडी मागणार, तोवर तिला दिवस गेले होते. तिच्या पेशी कधी तपासल्याच गेल्या नाहीत. हे तिला कुणी सांगितलेलं नाही.