तिच्या नळीतला गुलाबी रंग

नव्वदच्या आसपास ठाण्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी मैत्रिणी काम करायचो. पीएचडीची जागा एकच. जिचे निकाल चांगले, तिला आमच्या गाइड मॅडम घेणार होत्या.

जंतू दिसले की उंदराच्या पांढऱ्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून त्यांना मारतात. माणसाच्या पेशीही हेच करतात का, हे आम्हाला बघायचं होतं. वायू टिकत नाही, पण मागे नायट्राइट ठेवून जातो आणि त्यात रसायन घातलं की गुलाबी रंग येतो. रक्त आमचंच. ती माझं काढायची, मी तिचं.

तिच्या नळ्या गुलाबी व्हायच्या. माझ्या कायम नितळ.

"अगं, तुझ्या पेशी झोपाळू गं!" ती हसायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डोंबिवलीहून धावतपळत येणारी, निम्मा डबा घरी विसरणारी ही मुलगी, आणि हिचं रक्तसुद्धा माझ्याहून हुशार? हो, जळायचे मी. जेवतानाही तिच्या दंडाकडे बघत बसायचे. शेवटी एके दिवशी नळी नितळ असताना मी वहीत लिहिलं, "फिकट गुलाबी." मॅडम म्हणाल्या, "चला, जमलं एकदाचं!" काय बरं वाटलं मला!

पुढच्याच आठवड्यात ती रडवेल्या तोंडाने मॅडमसमोर उभी राहिली. तिच्या घरी पाणी दिवसाआड यायचं. डिस्टिल्ड वॉटर नुसतं विसळून ओतून देणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून ती नळ्या कोपऱ्यातल्या पिंपाच्या शिळ्या पाण्याने विसळायची आणि ओल्याच वापरायची. त्या दिवशी पेशी न घातलेली नळीही गुलाबी झाली होती.

"नायट्राइट पिंपातच होतं, मॅडम. माझं चुकलं."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गेली हिची जागा!

मॅडमनी माझी वही ओढली. "तू तर डिस्टिल्डशिवाय नळी विसळत नाहीस. रंग नाही, रंग नाही... म्हणजे तुझंच बरोबर होतं की!" त्यांनी पान उलटलं. "मग हा फिकट गुलाबी कुठून आला गं?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

"पिंपाचं पाणी लागलं असेल चुकून," मैत्रीणच म्हणाली. माझ्याकडे न बघता. मी मान डोलावली.

जागा मला मिळाली. नावाला डॉक्टर लागलं. आणि इतक्या वर्षांनीही मी तिच्यावरच जळते. "माझं चुकलं" हे ती एका दमात म्हणाली होती.