टाळीनंतरचं वाक्य

आमच्या घरात दोन कपाटं आहेत. एकात कपडे असतात, दुसऱ्यात माझा नवरा. भिंतीतलं मोठं कपाट रिकामं करून ह्यांनी आतून जुन्या गाद्यांचे तुकडे ठोकले, एक स्टूल ठेवलं, माइक लावला, आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या लढाया तिथे होतात.

हे इतिहासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. ज्यांना वाचायला वेळ नाही किंवा ज्यांचे डोळे साथ देत नाहीत, ती माणसं गाडी चालवताना, भांडी घासताना ह्यांच्या तोंडून तह आणि वेढे ऐकतात. आवाज भारदस्त आहे, नाही कसं म्हणू? अनोळखी लोक फोन करून सांगतात, "सरांचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो." मी "हो का" म्हणते. मला तो आवाज फारसा ऐकायलाच मिळत नाही. घसा जपायचा म्हणून हे घरात बोलत नाहीत. मीठ हवं असलं की चिमूट दाखवायची, पाणी हवं असलं की भुवई. जेवताना मी विचारते, "आज किती मेले?" हे बोटं दाखवतात. फारच मेले असले तर हात हवेत हलवतात आणि पुढचा घास घेतात. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण आमची चूल मुकी आहे.

कपाटातून एक मात्र सतत ऐकू येतं, टाळी. वाचताना चूक झाली की हे जोरात टाळी वाजवतात आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाळीची उंच रेघ उमटते. ही पुस्तकं काढणाऱ्या कंपनीतली मुलगी ती रेघ पाहून चुकलेलं वाक्य कापते आणि नंतरचं ठेवते. तिला आम्ही कात्री म्हणतो. शेजारणीला बरीच वर्षं वाटत होतं, आमच्याकडे डास फार आहेत. एकदा तिने प्रेमाने मच्छरदाणी आणून दिली. मी ठेवून घेतली, सांगत कुठे बसणार!

आता ते सांगते, जे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझी आई गेली त्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. आई तशी बरी होती, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. फोन ठेवला आणि मी सरळ कपाटाचं दार उघडलं. हे कानाला हेडफोन लावून कुठल्याशा राणीचं शेवटचं आजारपण वाचत होते. माझ्याकडे न बघता हात वर केला आणि म्हणाले, "दार लाव. आवाज आत येतोय." मी दार लावलं. आतून टाळी ऐकू आली, मग राणी पुन्हा पहिल्यापासून मरायला लागली. प्रकरण संपवून हे बाहेर आले तेव्हा मी बसमध्ये होते.

दुसऱ्या दिवशी हे आले, सगळ्यांसोबत उभे राहिले, जे करायचं ते सगळं केलं. बोट ठेवायला जागा नव्हती. पण त्या दाराबद्दल ना हे कधी बोलले, ना मी. पुढे ते पुस्तक बाहेर आलं. राणीच्या मरणाने लोक रडले म्हणे. मीही ऐकलं. माझं दार कुठेच नव्हतं, कात्रीने साफ काढून टाकलं होतं. तिचं कामच ते, तिला काय बोल लावायचा? राग मला ह्यांचा आला, आणि तो मुरत गेला.

गेल्या वर्षी ह्यांचा आवाज फाटायला लागला. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, साधीच आहे, पण काढायला हवी. "नंतर आवाज राहील?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "राहील, पण कसा ते आत्ता सांगता येणार नाही. कदाचित नुसता घोगरा. तोवर जमेल तितकं कमी बोला."

त्या वेळी एका मोठ्या इतिहासाचा शेवटचा खंड चालू होता, अर्धा वाचून झालेला. मी घरी येऊन सरळ सांगितलं, "सोडा आता. दुसरा कुणीतरी वाचेल. जेवढा आवाज उरलाय तेवढा मला द्या. मी काही राजा-राणी मागत नाही, भाजी कशी झाली एवढं सांगा."

ह्यांनी पुष्कळ दिवसांनी तोंड उघडलं. "मध्येच आवाज बदलला तर ऐकणाऱ्याला वाटेल, दुसराच इतिहास सुरू झाला."

"वाटू दे की!"

हे कपाटात गेले आणि आतून कडी लावली.

मग रोज थोडं थोडं वाचन. मी बाहेर गरम पाण्याचा तांब्या घेऊन बसायची. चिडलेली असले तरी तांब्या चुकवला नाही, खोड जात नाही माणसाची. आतून वाक्य निम्म्यावर चिरकायचं. टाळी. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा टाळी. कात्रीचा फोन आला, "काकू, काकांना म्हणावं दमाने घ्या. हल्ली टाळ्याच जास्त येतात, वाक्यं कमी." मला हसू आलं आणि मग रडू आलं. बाहेर आले की हे खुर्चीत मान टाकून बसत. तोंडावर सगळ्या शतकांचा शीण. मीही दमले होते. भांडायचंसुद्धा जिवावर यायचं.

खंड संपला, तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी मी दवाखान्याची पिशवी भरून ठेवली आणि स्वयंपाकघरात टॉवेलच्या घड्या घालत बसले. हे समोरच्या खुर्चीत. मी म्हटलं, "संपला ना इतिहास? आता बोला काहीतरी. उद्यापासून तोंड बंद, आणि पुढे कोणता आवाज येईल ते देव जाणे."

ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर पान नसलं की ह्या माणसाला शब्द सुचत नाही. ओट्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मी म्हटलं, जाऊ दे, आपलं नशीबच तसलं. आणि टॉवेल उचलला.

एवढ्यात ह्यांनी टाळी वाजवली.

मला खरंच डास वाटला. कारण हे बोललेच नव्हते, मग चुकलं काय? मी वर पाहिलं तर हे माझ्याकडेच बघत होते, हेडफोन नाही, हात वर केलेला नाही. फाटक्या आवाजात, एकेक शब्द जपून, म्हणाले, "ये, आत ये. काय झालं?"

आम्ही स्वयंपाकघरात होतो. आत यायला तिथे दार नव्हतं. तरी कोणतं दार ते मला कळलं. टॉवेल हातातच राहिला. इतकी वर्षं हे वाक्य ह्यांनी कुठे ठेवलं होतं, मला माहीत नाही. मला वाटायचं, हे विसरले.

मी म्हटलं, "आई गेली."

ह्यांनी शेजारची खुर्ची ओढली, तिच्यावरची पिशवी खाली ठेवली. "बस," म्हणाले, "सांग."

मग मी दादाचा फोन आला तिथपासून सांगायला सुरुवात केली.